बोडीची वही

शाळेला नऊ टॅब मिळाले. आठवीत पोरं तेवीस.
एकाची काच कोपऱ्यात तडकलेली,
तो डिलेश्वरी कुंभरे कोणाला हात लावू देत नाही.
म्हणते, याची मला सवय झाली जी.

मी अकोल्याकडची. इथं आले तेव्हा
मासा म्हणजे मला मासाच.
दुसऱ्याच दिवशी पोरांनी हसून विचारलं,
"म्याडम, मासा मंजे कोनता?"

तिथून ही वही सुरू झाली.
कागदाची नाही, सगळ्यांची मिळून एक.
एकानं लिहिलं की दुसऱ्याच्या काचेवर उमटतं,
म्हणजे पंचायतीच्या पाण्याच्या टाकीखाली उभं राहिलं तर.
शाळेत रेंज येत नाही.
संध्याकाळी टाकीखाली नऊ उजेड, तेवीस डोकी,
आणि पाणी भरायला आलेल्या बायका विचारतात,
काऊन रे, परीक्षा आहे का?

रंग आम्ही ठरवून घेतले होते.
पाहिलं ते हिरवं.
ऐकलं ते पिवळं.
नेटवरून उचललं ते लाल.
पहिला आठवडा नुसता लाल निघाला.
तेवीस पानांवर एकच वाक्य,
"मासा हा जलचर प्राणी असून..."
मी विचारलं, आपल्या गावात
"असून" कोण बोलतं रे?
बराच वेळ शोधलं पोरांनी. कोणी सापडलं नाही.

मग डिलेश्वरी पहाटे पाळीवर गेली,
टॅब साखरेच्या पिशवीत गुंडाळून,
आणि जाळं झटकणाऱ्यांच्या मागे मागे फिरून
चार नावं घेऊन आली.
कीबोर्डला आमच्या बोडीतलं काही ठाऊक नाही.
वाघूर लिहिलं की वाघ करतो,
दाडक लिहिलं की धडक.
तीन दिवस आमच्या बोडीत सात वाघ पोहत होते.
कोणी दुरुस्त करेना. मीही केलं नाही.

या वहीत एक गोष्ट आहे जी कागदात नाही.
खोडलेलं जात नाही.
वर घड्याळाची खूण आहे, तिथं बोट ठेवलं
की कालचं पान परत येतं,
कोणी, किती वाजता, काय लिहिलं, काय पुसलं.
पोरांना मी हे सांगितलं नव्हतं.
चूक माझी.

बोटरीचं पान टिकेश नान्हेकडे होतं.
कुठे असते, केवढी होते, जाळं कोणतं,
सगळं नीट, पिवळ्यात.
"आता दिसते का?" यापुढे कोरं.
मी सहज त्या खुणेवर बोट ठेवलं.
रात्री नऊ सत्तेचाळीस,
"नाई. धानावर मारायचं औषध बोडीत टाकलं होतं माझ्या बाबानं.
सकारी सगळी पांढरी पांढरी वर आली."
नऊ एकोणपन्नास. रिकामं.

दोन मिनिटं.
टॅब मी पालथा ठेवला टेबलावर,
जसं कोणाच्या घरात चुकून दार उघडावं
आणि तसंच लोटून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी शिकवलं ते एवढंच,
की स्रोताच्या रकान्यात काय लिहितात.
माणसाचं नाव, गाव, तारीख.
आणि खुणेचंही सांगितलं, सगळ्यांना मिळून,
फळ्याकडे तोंड करून.
मागच्या बाकावर काही हललं नाही.

मधल्या सुट्टीत टिकेश जेवायला गेला नाही.
खिडकीशी बसून एका बोटानं टाइप करत होता,
खिचडीची ताटं घासली गेली तरी.

संध्याकाळी टाकीखाली पान उघडलं.
आता दिसते का: नाई.
कारण: औषध टाकलं होतं.
स्रोत: मालूम आहे. नाव लिवत नाई.

ओळ आधी पिवळी होती.
चार वाजून दहा मिनिटांनी
त्यानं ती हिरवी केलेली.

कीबोर्डनं "लिवत"खाली लाल रेघ ओढून ठेवली होती.
मी ती तशीच राहू दिली.
टॅबमध्ये सहा टक्के उरले होते. चार्जिंगला लावला.